मश हसन, शहा आणि खाटीक

इराणी सिनेमाचा विषय निघाला की आपल्याकडे दिग्दर्शकांची नावं येतात. किआरोस्तामी, मखमलबाफ, पनाही, फरहादी. फिल्म सोसायटीतल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा, चार नावं तोंडपाठ असतात. पण एखाद्या इराणी नटाचं नाव विचारलं की गडी अडखळतो. त्यालाही कारण आहे. आपल्यापर्यंत जे इराणी चित्रपट पोचले त्यांतल्या बऱ्याच चित्रपटांत रस्त्यावर भेटलेली मुलं, टॅक्सीवाले, गावकरी कॅमेऱ्यासमोर उभे केलेले असतात. त्यामुळे तिथे नट असा काही प्रकारच नसावा, असा आपला एक सोयीस्कर ग्रह झालेला आहे. माझाही बरीच वर्षं होता. तो इज्जतुल्लाह इंतेजामी या माणसाने मोडला.

इंतेजामींचा जन्म १९२४ सालचा, तेहरानच्या संगेलज या जुन्या मोहल्ल्यातला. तेव्हा काजार घराण्याचा शेवटचा शहा कागदोपत्री अजून गादीवर होता. पुढच्याच वर्षी ती गादी गेली आणि पहलवींची आली. ते वारले ऑगस्ट २०१८ मध्ये, ९४ व्या वर्षी, तेहरानमध्येच. या दोन तारखांमध्ये दोन पहलवी शहा, एक महायुद्ध, एक बंड, एक क्रांती आणि इराकशी आठ वर्षं चाललेली लढाई असं सगळं येऊन गेलं. एवढ्या उलथापालथीत एक माणूस सत्तरेक वर्षं नटाचं काम करत राहिला आणि लोकांनी त्याला ‘आका-ये बाजीगर’, म्हणजे ‘श्रीयुत नट’, असं सरळसाधं नाव देऊन टाकलं. यातलं श्रीयुत मला फार आवडतं. ‘सम्राट’ वगैरे म्हणायच्या भानगडीत ते पडले नाहीत.

सुरुवात लालेजारची. ही तेहरानमधली नाटकं, सिनेमा, कॅफे आणि शौकिनांची सडक. आपल्या मुंबईतल्या नाटक-तमाशांच्या जुन्या पिला हाऊस भागाला थोडी फ्रेंच हवा लावली तर जे होईल ते. १९४१ साली दोस्त राष्ट्रांच्या फौजा इराणमध्ये शिरल्या, रझा शहाला पायउतार व्हावं लागलं आणि इतकी वर्षं तोंड दाबून बसलेल्या शहराला एकदम कंठ फुटला. वर्तमानपत्रं निघाली, पक्ष निघाले, आणि नाट्यगृहांत ‘पीश-पर्दे’ नावाचा प्रकार रंगू लागला. दोन अंकांच्या मधे मागे नेपथ्य बदलायचं असायचं. तेवढ्या वेळात एक नट पडद्यापुढे येऊन त्या आठवड्यातल्या घडामोडींवर रचलेलं गाणं म्हणायचा. पावाचा भाव, मंत्र्यांचे घोटाळे, घरमालक, सासू, परदेशी सैनिक. विशीतले इंतेजामी ही गाणी म्हणत.

मागे ठोकाठोक चालू, समोर लोक बिया फोडताहेत, कुणी उठून बाहेर निघालंय, कुणी आत येतंय, आणि एकट्याने दहा मिनिटं त्यांना धरून ठेवायचं. हातात ना प्रसंग, ना सोबतीला दुसरं पात्र. मला वाटतं त्यांच्या पुढच्या सगळ्या कामाची बीजं या दहा मिनिटांत आहेत. त्यांच्या कुठल्याही भूमिकेत एक गोष्ट दिसतेच: प्रेक्षक आपल्याकडे बघणारच, असं ते कधी गृहीत धरत नाहीत. ते नजर मिळवतात आणि मग क्षणभरही सोडत नाहीत.

१९५३ साली पंतप्रधान मोसद्देकचं सरकार पाडलं गेलं, त्या दिवशी जमावाने लालेजारच्या बाजूचं सादी थिएटर जाळलं. डाव्या विचारांच्या नाटकवाल्यांचा तो अड्डा होता. त्यानंतरच्या वर्षांत लालेजारमध्ये नाटकापेक्षा नाच जास्त उरला. इंतेजामी जर्मनीला गेले, हॅनोव्हरमध्ये राहून नाटक-सिनेमाचं शिक्षण घेतलं आणि १९५०चं दशक संपता संपता परत आले. मग सरकारी नाट्यविभागातली नोकरी. हे ऐकायला रुक्ष वाटतं खरं, पण याच विभागाच्या आसऱ्याने अली नसीरियान, जमशीद मशायेखी, जाफर वली अशी एक पिढी तयार झाली. परदेशी नाटकांची भाषांतरं बाजूला ठेवून इराणी माणसांची नाटकं लिहायची आणि करायची, हा त्यांचा ध्यास. १९६५ मध्ये संगेलजमध्येच त्यांच्यासाठी नवं नाट्यगृह उभं राहिलं. आणि त्यांना लेखक मिळाला तो गुलाम-हुसेन साएदी; व्यवसायाने मानसोपचारतज्ज्ञ, लिहायचा खेड्यांवर, भुकेवर आणि भीतीवर.

साएदीच्या बयल या काल्पनिक गावाच्या कथांमधली एक कथा जाफर वलींनी आधी टेलिव्हिजनसाठी नाटक म्हणून बसवली. तीत मश हसनची भूमिका इंतेजामींची. पुढे दारियुश मेहरजुई नावाचा, अमेरिकेत तत्त्वज्ञान शिकून आलेला तरुण दिग्दर्शक त्याच कथेवर चित्रपट करायला निघाला तेव्हा त्याने नट शोधत बसायचे कष्ट घेतले नाहीत. नाटकातली मंडळीच उचलली. ‘गाव’, म्हणजे गाय, १९६९ साली पुरा झाला. आपल्या नायकाचं वय तेव्हा ४५. सिनेमात नट ज्या वयात थोरल्या भावाच्या भूमिकांकडे सरकतो, त्या वयात हा माणूस खऱ्या अर्थाने पडद्यावर आला.

गोष्ट ठाऊक असेलच, नसेल तर थोडक्यात सांगतो. गावात एकच गाय आहे, ती मश हसनची. ती गाभण आहे. मूलबाळ नसलेल्या हसनचा सगळा जीव तिच्यात. तो एका दिवसापुरता गावाबाहेर जातो आणि इकडे गाय मरते. कशाने, ते कळत नाही. गावकरी तिला एका विहिरीत ढकलून वर माती लोटतात, आणि हसन परतल्यावर त्याला सांगतात की गाय पळाली, इस्माइल तिला शोधायला गेलाय. हसन ते मानत नाही. ‘माझी गाय पळणार नाही’ म्हणतो. मग गोठ्यात जाऊन बसतो, वैरण खाऊ लागतो, आणि हळूहळू गाय होतो.

या चित्रपटावर लिहिणारे लोक बहुधा शेवटच्या अर्ध्या तासावर लिहितात: तोंडात कडबा, भिंतीवर आपटलेलं डोकं, पाणावलेले पण कुणालाच न ओळखणारे डोळे. त्या अर्ध्या तासाचं कौतुक आहेच. पण माझ्या मते अवघड काम सुरुवातीला आहे. हसन गायीला तळ्यात नेऊन धुतो तो प्रसंग बघा. त्यात नाट्य काहीच नाही. एक दाढीवाला, टोपीवाला, साधासा माणूस जनावराच्या पाठीवर पाणी मारतोय, खुशीत आहे, तिच्याशी बोलतोय. तिच्या अंगाला अंग घासतोय. पुढे जे होणार आहे त्याची चाहूल तिथे मुद्दाम पेरलेली नाही. पण शेवट पाहून पुन्हा तो प्रसंग पाहिला की लक्षात येतं, हा माणूस आणि ती गाय यांच्यातली रेघ तेव्हाच पुसट होती. वेड नंतर लागलं, एवढंच.

माझे एक मामा सांगोल्याकडचे. आयुष्यभर खिलार जनावरं सांभाळली. त्यांना मी हा चित्रपट लॅपटॉपवर दाखवला. खाली येणारी इंग्रजी अक्षरं त्यांना वाचता येत नव्हती आणि ती वाचून सांगावीत असंही त्यांनी म्हटलं नाही. तळ्याचा प्रसंग बघून म्हणाले, “ह्यो गडी खरा हाय. पाणी मारायची तऱ्हा बघ त्येची.” गायीला विहिरीत टाकल्यावर मात्र ते चिडले. “सरळ सांगायचं हुतं की, मेली म्हणून! रडला असता चार दिस आन् मोकळा झाला असता.” हसन गोठ्यात बसल्यावर ते उठले आणि चहा ठेवायला सांगायच्या निमित्ताने आत गेले ते आलेच नाहीत. मी एकट्यानेच पुढचा भाग पाहिला. समीक्षकांनी या चित्रपटात गरिबी, हुकूमशाही, तेलाचं रूपक असं काय काय पाहिलंय. मामांना दिसलं ते गावाने मायेपोटी केलेलं खोटं. आणि मला अजूनही वाटतं की चित्रपटाचा काटा तिथेच आहे.

गोठ्यातला तो संवाद इराणमध्ये म्हणीसारखा वापरला जातो. गावकरी त्याला सांगतात, तू मश हसन आहेस. तो म्हणतो, मी मश हसन नाही, मी मश हसनची गाय आहे. हसन वर छतावर बसून माझी राखण करतोय. आणि मग त्या नसलेल्या हसनला हाक मारतो: चोर आले, तुझ्या गायीला वाचव. इथे इंतेजामींचा आवाज बघा, ओरडा आहे पण कीव मागणारा नाही. ज्याला खात्री आहे की धनी येणारच, अशा जनावराचा तो आवाज आहे. दुसऱ्या कुणी नटाने इथे प्रेक्षकांकडे एक डोळा ठेवला असता.

शेवटी त्याला शहरातल्या इस्पितळात न्यायला निघतात. दोरखंडाने बांधलेला, भर पावसात, चिखलातून. गावातला शहाणा माणूस इस्लाम, म्हणजे अली नसीरियान, त्याला ओढून ओढून थकतो आणि एका क्षणी गुरासारखा चाबूक मारून ‘चल जनावरा’ असं ओरडतो. मारल्यावर स्वतःच थिजतो. हसन सुटतो, पळतो, उतारावरून कोसळून मरतो.

चित्रपटाला पैसा सरकारचा होता, आणि झालेला चित्रपट पाहून सरकारच दचकलं. आधुनिक इराणचा डंका पिटणाऱ्या शहाच्या राज्यात असली दरिद्री खेडी दिसणं सोयीचं नव्हतं. ही गोष्ट फार जुन्या काळातली आहे अशी पाटी घालायला लावली, तरी काही काळ प्रदर्शन अडवलंच. १९७१ मध्ये चित्रपट परवानगीशिवाय व्हेनिसच्या महोत्सवात पोचला आणि गाजला. त्याच साली शिकागोच्या महोत्सवात इंतेजामींना अभिनयाचं पारितोषिक मिळालं. क्रांतीनंतर खोमेनींनी हाच चित्रपट पाहून त्याची स्तुती केली आणि त्यामुळे इराणमध्ये सिनेमा जिवंत राहिला, असं सांगितलं जातं. सांगणारे थोडं तिखटमीठ लावत असतील. पण क्रांतीच्या धामधुमीत देशभर चित्रपटगृहं जाळली जात होती, त्या काळात वरून आलेला एक चांगला शब्द किती मोलाचा असेल, याची कल्पना करता येते.

त्याच १९६९ साली ‘केसर’ नावाचा सूडकथेचा चित्रपट आला आणि त्याचा नायक बेहरूज वोसूघी इराणचा सर्वांत मोठा स्टार झाला. क्रांती झाली आणि वोसूघी अमेरिकेत अडकला, तिकडचाच झाला. साएदीला तर जीव वाचवून पॅरिसला जावं लागलं. तिथे दारू आणि घरची ओढ यांनी त्याला पोखरलं आणि १९८५ मध्ये तो गेला. इंतेजामी राहिले. राहण्यात शौर्य असतं किंवा जाण्यात भ्याडपणा, असलं काही मला म्हणायचं नाही. पण राहिल्यामुळे त्यांच्या वाट्याला ज्या भूमिका आल्या त्या इतरत्र कुठे आल्या नसत्या, आणि भाषेवाचून हा नट निम्माही उरला नसता.

क्रांतीनंतर त्यांना दिग्दर्शक अली हातमी भेटले. हातमींची संवादाची भाषा काजारकालीन, नक्षीदार, घोळवून बोलायची. १९८२च्या ‘हाजी वॉशिंग्टन’मध्ये इंतेजामी झालेत इराणचा अमेरिकेतला पहिला राजदूत. काळ १८८८. बिचारा थाटामाटात वकिलात उघडतो, मेजवानी मांडतो आणि कोणीच येत नाही. व्हिसा मागणारा नाही, भेटायला येणारा नाही. पैसे संपतात, नोकरचाकर जातात. मग बकरी ईदच्या दिवशी हा राजदूत वकिलातीत एकटाच मेंढा कापायला घेतो आणि कापता कापता बोलत राहतो. दरबारातली लाचारी, खोटी स्तुती, स्वतःची किळस, देशाची काळजी. हात रक्ताने माखलेले आणि तोंडात पर्शियन भाषेची ऐश्वर्ये. लालेजारच्या पडद्यापुढचा तो पोरगा इथे पुन्हा एकटा उभा आहे, फक्त यावेळी समोर प्रेक्षकही नाहीत. चित्रपट पुढे सोळा-एक वर्षं डब्यात पडून राहिला. १९९८ मध्ये लोकांना पाहायला मिळाला तोवर हातमी वारले होते.

हातमींच्याच ‘हजारदस्तान’ या मालिकेसाठी तेहरानच्या पश्चिमेला जुन्या शहराचा भलामोठा सेट उभारला गेला, त्यात अख्खी लालेजार सडक होती. खरी लालेजार तोवर विजेच्या सामानाच्या दुकानांनी गिळली होती. इंतेजामी तिथे खान मोजफ्फर झाले: पडद्याआडून शहर चालवणारा, कधी आवाज न चढवणारा सत्ताधीश. मशायेखी, नसीरियान, केशावर्ज, रशिदी असे सगळे जुने सोबती त्या मालिकेत होते. एकेकाची जुगलबंदी बघताना मला सतत वाटत राहतं की ही माणसं एकमेकांचा श्वास ओळखतात.

आणि मग ‘इजारे-नशीनहा’, १९८७च्या सुमाराचा. भाडेकरू. पुन्हा मेहरजुई, पण आता धमाल विनोदी. युद्धाच्या काळात लोक पोट धरून हसले आणि चित्रपट तुफान चालला. मोडकळीला आलेली इमारत, मालक परदेशात मेलेला, वारस कोण ते ठाऊक नाही, आणि इमारत सांभाळणारा अब्बास आका तिची डागडुजी करू देत नाही, कारण त्याला ती स्वतःच्या घशात घालायची आहे. पाइप फुटतात, छत गळतं, वरचा ऑपेरा गायक गातोय, सगळे भांडताहेत. हा अब्बास आका म्हणजे इंतेजामी, आणि त्याचा धंदा? मटणाच्या दुकानाचा. १९६९ मध्ये जो माणूस गाय झाला, १९८२ मध्ये ज्याने मेंढा कापला, तो आता पांढरा कोट घालून खाटीक झालाय. मेहरजुईंनी हे जाणूनबुजून केलं असेल का? मी ज्या इराणी मित्राला विचारलं तो नुसताच हसला.

जाणूनबुजून केलेला खेळ बघायचा तर मखमलबाफकडे जायला हवं. १९९२च्या ‘नासिरुद्दीन शहा, सिनेमाचा नट’ या चित्रपटात शहा आहेत इंतेजामीच. हातमींच्या ‘कमालुल्मुल्क’मध्येही त्यांनी हाच शहा केला होता. हा नासिरुद्दीन शहा म्हणजे आपला नट नव्हे, इराणचा काजार राजा. खरा शहा १८९६ मध्ये गोळी लागून मेला, इराणमध्ये कॅमेरा यायच्या आधी. पण इथे एक चॅप्लिनसारखा दिसणारा छायाचित्रकार काळाच्या उलट जाऊन दरबारात सिनेमा घेऊन येतो. ८४ बायकांचा धनी असलेला शहा पडद्यावरच्या एका मुलीवर भाळतो. ती असते ‘दुख्तर-ए-लोर’ची नायिका गुलनार, आणि ती पडद्यातून निसटून सरळ दरबारात येते.

इथे मुंबईचा संबंध आहे, आणि तो आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत असतो. ‘दुख्तर-ए-लोर’ हा पर्शियन भाषेतला पहिला बोलपट १९३३ मध्ये तयार झाला तो मुंबईत, ‘आलम आरा’ काढणाऱ्या अर्देशिर इराणींच्या इंपीरियल कंपनीत. अब्दुल-हुसेन सेपन्ता या इराणी तरुणाने तो लिहिला आणि नायकही तोच. नायिका सापडेना. शेवटी स्टुडिओतल्याच एका कर्मचाऱ्याच्या बायकोला उभं केलं, रूहअंगीझ सामीनेजाद. तिची बोली किरमानची, म्हणून गोष्टच त्या बेताने वळवली. तेहरानमध्ये चित्रपट अफाट चालला आणि मुसलमान बाई पडद्यावर दिसली म्हणून तिला लोकांनी जगणं नकोसं केलं. तिने पुढचं आयुष्य नाव लपवून काढलं. मखमलबाफच्या चित्रपटात तीच गुलनार फातेमा मोतामेद-आर्या या नटीने केलीय, आणि शहा तिच्यापायी राज्य सोडून नट व्हायला निघतो.

आता शहाला नट करायचं म्हणजे काय करायचं? त्याला गायीच्या भूमिकेत घालायचं! राजमुकुट उतरवलेला शहा स्वतःला मश हसनची गाय समजू लागतो. २३ वर्षांपूर्वीची आपलीच भूमिका इंतेजामी इथे विडंबनासारखी करतात, आणि गंमत म्हणजे हसू येता येता अंगावर काटा येतो. स्वतःच्या सर्वांत गाजलेल्या कामाची अशी टर उडवू देणारे नट किती असतील? बहुतेकजण ते काम काचेच्या कपाटात ठेवतात.

‘रुसरी-ए-आबी’ (१९९५) मध्ये पुन्हा इंतेजामी आणि मोतामेद-आर्या हीच जोडी. रख्शान बनी-एतेमाद या बाईंनी केलेला. टोमॅटोच्या शेतांचा आणि कारखान्याचा मालक रसूल, विधुर, मुली लग्न होऊन गेलेल्या. आणि त्याच्याकडे मजुरीला येणारी नोबर. तो तिच्या प्रेमात पडतो. इराणी पडद्यावर पुरुषाने परस्त्रीला हातही लावायचा नाही, हा नियम. त्यामुळे सत्तरीच्या इंतेजामींना प्रेम दाखवायला उरतं काय, तर उभं राहण्याची पद्धत, जरा नीट बसवलेली कॉलर, आणि दारातून आत येताना किंचित घाई. मुलींना बाप म्हातारचळ लागल्यासारखा वाटतो, आपल्यालाही क्षणभर वाटतो, आणि मग लाज वाटते.

२०१८ मध्ये वहदत सभागृहासमोर त्यांना निरोप द्यायला मोठी गर्दी लोटली. त्यांच्या राहत्या घराचं संग्रहालय झालंय. मुलगा मजीद इंतेजामी इराणमधला मोठा संगीतकार. पुढच्या दोन वर्षांत मशायेखी आणि केशावर्जही गेले. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मेहरजुई आणि त्यांच्या पत्नीचा राहत्या घरात खून झाला. ती बातमी वाचली त्या रात्री मला ‘गाव’ लावायचा धीर झाला नाही, म्हणून ‘इजारे-नशीनहा’ लावला.

आताही कुणी विचारलं, या नटाची ओळख कुठून करून घेऊ, तर मी तेच नाव सांगतो. सबटायटल्स यथातथाच असतात, निम्मे विनोद गळतात. पण अब्बास आका जिन्यात उभा राहून एकाच वेळी आईला गप्प करतो, प्लंबरला हाकलतो आणि भाडेकरूशी गोड बोलतो ते समजायला पर्शियन यावंच लागतं असं नाही. ते आवडलं तर मग मश हसनकडे जा, आणि शक्यतो चहा आधीच पिऊन बसा.